न्यूसन्स

न्यूसन्स : इंग्रजी भाषेतील एक नाम व त्याने व्यक्त होणारी कल्पना. ज्या व्यक्तीमुळे, वस्तूमुळे किंवा परिस्थितीमुळे मोठी हानी होत नाही, पण स्वास्थ्य बिघडते, कामाचा खोळंबा होतो किंवा सहनशीलतेला ताण पडतो, तिला दैनंदिन इंग्रजीत न्यूसन्स म्हणतात. मराठीत कायद्याच्या परिभाषेतून ‘उपद्रव’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे आणि ‘न्यूसन्स व्हॅल्यू’ या शब्दबंधाचे ‘उपद्रवमूल्य’ हे भाषांतर वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित आहे. तथापि ‘उपद्रव’ या शब्दात पीडेची जी तीव्र छटा आहे, ती इंग्रजी शब्दाच्या घरगुती वापरात आज फारशी उरलेली नाही. न सापडणारी किल्ली किंवा ऐन वेळी रद्द झालेली गाडी यांना इंग्रजी बोलणारा सहज न्यूसन्स म्हणतो. मराठी बोलणारा अशा वेळी उपद्रव म्हणत नाही, कटकट म्हणतो.

व्युत्पत्ती : फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी अकराव्या शतकात इंग्लंड जिंकल्यानंतर तेथे राज्यकारभाराची व न्यायालयांची भाषा म्हणून जी फ्रेंच वापरली जाऊ लागली, तिच्यातून हा शब्द इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘इजा करणे’ या अर्थाच्या ‘नोकेरे’ या लॅटिन क्रियापदापासून बनलेले ‘नुईर’ हे फ्रेंच क्रियापद आहे. इंग्रजी लेखनात तो साधारणपणे १४००च्या सुमारास आढळू लागतो आणि त्या वेळी त्याचा अर्थ सरळसरळ ‘इजा’ किंवा ‘अपाय’ असा होता. ‘नॉक्शस’ (अपायकारक) व ‘इनॉक्युअस’ (निरुपद्रवी) हे शब्द याच लॅटिन कुळातील आहेत. ‘इनोसन्ट’ या शब्दाचा घटकार्थही ‘इजा न करणारा’ असाच होतो. ‘ऑब्नॉक्शस’चा प्रवास काहीसा वाकडा आहे. ‘इजेच्या आवाक्यात असलेला’ हा त्याचा जुना अर्थ मागे पडून ‘किळसवाणा, असह्य’ हा अर्थ पुढे आला, आणि या बदलाला ‘नॉक्शस’शी असलेले ध्वनिसाम्य कारणीभूत झाले असावे.

न्यूसन्सच्या जवळपास वावरणाऱ्या काही शब्दांची कुळे मात्र वेगळी आहेत आणि त्यांबाबत बराच घोटाळा आढळतो. ‘अनॉय’ (त्रास देणे) हे क्रियापद ‘नोकेरे’पासून आलेले नाही. ‘तिटकाऱ्याचे असणे’ अशा आशयाच्या ‘इन ओदिओ’ या लॅटिन शब्दप्रयोगातून उत्तरकालीन लॅटिनमध्ये बनलेल्या क्रियापदापर्यंत त्याचा माग लागतो. ‘अनॉय’चे आद्याक्षर गळून ‘नॉय’ हे रूप झाले आणि त्यापासून ‘दुर्गंधीयुक्त, घाणेरडे’ या अर्थाचे ‘नॉइसम’ हे विशेषण बनले. दिसायला ते ‘नॉइझ’ (गोंगाट) या शब्दासारखे असले, तरी त्याचा गोंगाटाशी संबंध नाही. ‘नॉइझ’ची स्वतःची व्युत्पत्ती विवाद्य आहे. एका मतानुसार हा शब्द, मुळात समुद्रप्रवासातील मळमळीसाठी वापरल्या जाणाऱ्या, ‘नॉसिया’ या लॅटिन शब्दापासून अस्वस्थता, तंटा व कलकलाट अशा पायऱ्यांनी आला. दुसऱ्या मतानुसार तो ‘नॉक्सिया’ म्हणजे ‘अपाय’ या शब्दापासून आला असावा. दुसरे मत खरे धरल्यास गोंगाट आणि न्यूसन्स ही सख्खी भावंडे ठरतात आणि आजच्या अनुभवाला ते पटतेही. पण ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने पहिले मत कमी अडचणीचे आहे व कोशकारांचा कलही बहुधा तिकडेच आहे. अर्थसाम्य हा या बाबतीत दुबळा पुरावा मानला पाहिजे. उगम वेगळे असले, तरी व्यवहारात न्यूसन्स व ‘अनॉयन्स’ हे शब्द दीर्घकाळ एकमेकांचे काम करत आले. वेस्टमिन्स्टरमध्ये रस्त्यांवरील अडथळ्यांची व घाणीची पाहणी करणारे पंचमंडळ ‘अनॉयन्स ज्युरी’ या नावाने ओळखले जात असे.

‘इजा’पासून ‘कटकटी’पर्यंतचा अर्थाचा उतार एकदम झालेला नाही. पंधराव्या शतकात शब्दाला कायद्याचा विशिष्ट अर्थ आला. व्यक्तिगत त्रासाचे कारण या सौम्य अर्थाचे लेखी दाखले सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळतात आणि त्रासदायक माणसाला उद्देशून केलेला वापर त्याच शतकाच्या अखेरीचा आहे. हे कालनिर्देश अर्थातच लिखित दाखल्यांचे आहेत. बोलण्यातील वापर त्याआधीचा असणे संभवते. सौम्य अर्थ कायद्याच्या अर्थाशेजारी स्वतंत्रपणे वाढला असे म्हणता येईल, पण दाखल्यांचा क्रम आणि शब्दप्रयोगांची ठेवण पाहता तो कायद्याच्या अर्थातूनच सैल होत गेला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. म्हणूनच दैनंदिन वापराचे विवेचन कायद्याचा इतिहास टाळून करता येत नाही.

कायद्यातील पूर्वपीठिका : इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या कारकिर्दीत (११५४–८९) जमिनीवरून हुसकावून लावलेल्या माणसाला राजाच्या न्यायालयात दाद मागण्याची सोय झाली. पण शेजाऱ्याने जमीन न बळकावता केवळ तिचा उपभोग बिघडवला, म्हणजे बांध उंच केला, ओढ्याचे पाणी वळवले वा वाट अडवली, तर हा उपाय पुरा पडत नसे. अशा तक्रारींसाठी त्याला जोडून न्यूसन्सची स्वतंत्र दाद अस्तित्वात आली. लॅटिन दप्तरांत तिच्यासाठी ‘नोकुमेन्टुम’ हा शब्द येतो. तेराव्या शतकाच्या मध्यातील, ब्रॅक्टन या इंग्रज न्यायाधीशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या ग्रंथात नुकसानकारक तेवढे सगळेच अन्यायकारक नसते, असा भेद केलेला आहे. पुढे या कल्पनेभोवती झालेल्या बहुतेक वादांचे बीज या भेदात आहे. लंडन शहरातील अशा तक्रारींची १३०१ ते १४३१ या काळातील नोंद उपलब्ध असून तीत गळणारी पन्हळे, सामाईक भिंती, शौचकूप आणि शेजाऱ्याच्या आवारात डोकावणाऱ्या खिडक्या यांचे तंटे वारंवार येतात. बोलीत न्यूसन्स म्हटल्यावर आजही प्रथम शेजारीच आठवतो, हे या इतिहासाशी सुसंगत आहे.

१६१०च्या सुमारास नॉरफकमधील ऑल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने घराला लागून बांधलेल्या डुकरांच्या गोठ्याविरुद्ध दावा लावला. डुकरे पाळणे माणसाच्या निर्वाहासाठी आवश्यक आहे आणि त्यांचा वास सोसवू नये इतके नाक नाजूक असता कामा नये, असा बचाव प्रतिवादीने केला. तो फेटाळला गेला. शुद्ध हवा व उजेड ही घराची गरज मानली गेली. सुंदर देखावा मात्र नाही. नाजूक नाकाचा मुद्दा हरला खरा, पण संपला नाही, कारण कोणाच्या नाकाला प्रमाण मानायचे हा प्रश्न तेव्हापासून कायम राहिला. इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टनने इंग्लंडच्या कायद्यावरील आपल्या भाष्याच्या तिसऱ्या खंडात (१७६८) इजा, गैरसोय वा नुकसान घडवणारी कोणतीही गोष्ट, अशी न्यूसन्सची व्याख्या दिली. या व्याख्येत ‘इजा’ आणि ‘गैरसोय’ एकाच ओळीत बसल्या आहेत, आणि बोलीतील सौम्य अर्थाला लागणारी जागा तिने आधीच मोकळी करून ठेवली होती असे दिसते.

शेजाऱ्याच्या जमिनीच्या उपभोगास बाधा आणणाऱ्या खाजगी न्यूसन्सखेरीज, सर्वसामान्य जनतेला त्रास देणारा सार्वजनिक न्यूसन्स हा गुन्हाही जुना आहे. ब्लॅकस्टनने त्यात रस्ता अडवण्याबरोबरच घराच्या वळचणीखाली उभे राहून आतले बोलणे ऐकणारे आणि शेजाऱ्यांशी सतत भांडणाऱ्या कजाग स्त्रिया यांचाही समावेश केला आहे. कजागपणाचा हा गुन्हा फक्त स्त्रियांनाच लागू होता. हे दोन्ही गुन्हे इंग्लंडमध्ये १९६७च्या फौजदारी कायद्याने रद्द झाले. सार्वजनिक न्यूसन्सचा सर्वसाधारण गुन्हा मात्र टिकला आणि २०२२च्या कायद्याने त्याला लिखित स्वरूप मिळून कमाल शिक्षा दहा वर्षे कारावासाची ठरली. शब्दाचा बोलीतील हलकेपणा आणि ही शिक्षा यांतील अंतर लक्षणीय आहे.

या साऱ्या प्रकारांना एकच नाव मिळाल्याने अभ्यासकांनी वेळोवेळी नाराजी व्यक्त केली आहे. अमेरिकन विधिज्ञ विल्यम प्रॉसर यांनी या शब्दाभोवतीच्या कायद्याला अभेद्य जंगल म्हटले. विधिअभ्यासक न्यूअर्क यांनी १९४९ मध्ये लिहिलेल्या लेखात खाजगी न्यूसन्स हा मुळात जमिनीविषयीचा अपराध आहे, माणसाच्या सोयीविषयीचा नव्हे, असे प्रतिपादन केले. ऐतिहासिक दृष्ट्या न्यूअर्क यांचे मत भक्कम आहे आणि १९९७ मध्ये लंडनमधील कॅनरी वॉर्फ येथील उत्तुंग इमारतीमुळे दूरचित्रवाणीच्या ग्रहणात आलेल्या अडथळ्याच्या खटल्यात तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचाच आधार घेतला. बोलीने मात्र नेमकी उलट दिशा धरली असून तिच्यात जमीन सुटली आणि सोय तेवढी उरली.

एकोणिसावे शतक : औद्योगिक शहरांच्या वाढीबरोबर हा शब्द आरोग्यखात्याच्या हाती गेला. पटकीच्या भीतीच्या छायेत १८४६ पासून न्यूसन्स-निवारणाचे कायदे झाले आणि ‘इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस’ या पदावर स्थानिक अधिकारी नेमले जाऊ लागले. लिव्हरपूल हे त्यात अग्रेसर होते. तुंबलेली गटारे, उकिरडे व दाट वस्तीतील पाळीव जनावरे हे त्यांचे मुख्य विषय होते. पुढे हे पदनाम बदलले, पण आरोग्यास बाधक धूर, वास, गोंगाट वगैरेंसाठी १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात ‘वैधानिक न्यूसन्स’ ही संज्ञा कायम आहे. व्हिक्टोरियन काळातील भिंतींवर ‘कमिट नो न्यूसन्स’ अशी सूचना लिहिलेली असे. तिचा प्रत्यक्ष अर्थ ‘येथे लघवी करू नये’ एवढाच होता. सभ्यतेसाठी निवडलेल्या व्यापक शब्दाला एक अगदी अरुंद अर्थ चिकटल्याचा हा ठळक नमुना असून लंडनमध्ये अशा काही सूचना अद्याप दिसतात.

त्रासाचे माप कोणते, याची चर्चा याच शतकात रंगली. १८५१ मधील वीटभट्टीच्या धुराच्या खटल्यात न्यायमूर्ती नाइट ब्रूस यांनी नजाकतीच्या राहणीचे नव्हे, तर इंग्रज जनतेच्या साध्यासुध्या कल्पनांचे माप लावावे असे म्हटले. न्यायाधीश ब्रॅमवेल यांनी १८६२ मध्ये ‘थोडे द्यावे, थोडे घ्यावे; जगावे, जगू द्यावे’ अशा अर्थाच्या बोलीतल्या म्हणींनाच न्यायतत्त्वाचा दर्जा दिला. एका डॉक्टरने मिठाई बनवणाऱ्या शेजाऱ्याच्या खलबत्त्याच्या आवाजाविरुद्ध लावलेल्या १८७९च्या खटल्यात, लंडनच्या बेलग्रेव्ह चौकात जे न्यूसन्स ठरेल ते बर्मंडसीत ठरेलच असे नाही, असे निरीक्षण आहे. उमरावांची वस्ती आणि कातडी कमावण्याचा मोहल्ला यांना वेगवेगळी मापे लावणारे हे वाक्य पुढे टीकेचा विषय झाले. अर्थशास्त्रज्ञ रोनल्ड कोस यांनी १९६० मध्ये याच खटल्याचा आधार घेऊन असा त्रास परस्परसापेक्ष असतो, कारण डॉक्टरची शांतता जपणे म्हणजे मिठाईवाल्याचे नुकसान करणे होय, असे दाखवले. हेतूचा प्रश्न १८९३ च्या, लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील खटल्यात आला. शेजारच्या घरातील संगीताच्या शिकवणीला कंटाळलेल्या गृहस्थाने सामाईक भिंतीवर ठोकणे, तबके बडवणे व शिट्या मारणे सुरू केले. न्यायालयाने संगीताला न्यूसन्स मानले नाही. ते बंद पाडण्यासाठी मुद्दाम केलेल्या गोंगाटाला मानले.

दैनंदिन वापर : आजच्या बोलण्यात हा शब्द बहुधा एकवचनी व अनिश्चित उपपदासह येतो. ‘व्हॉट अ न्यूसन्स!’ हा उद्गार परिस्थितीविषयी असतो. त्यात कोणावर आरोप नसतो. माणसाविषयी तोच शब्द वापरला की आरोप येतो, परंतु स्वर बेताचा राहतो. लहान मुलाला म्हटले तर त्यात लाडही असू शकतो. ‘टू मेक अ न्यूसन्स ऑफ वनसेल्फ’ या प्रयोगात हट्टाची छटा आहे. सर्वांत इंग्रजी म्हणावा असा वापर स्वतःविषयीचा आहे: ‘सॉरी टू बी अ न्यूसन्स’ असे म्हणून आपल्या हक्काचीच एखादी गोष्ट मागितली जाते, आणि समोरच्याने ‘छे, छे’ म्हणावे अशी त्यात अपेक्षा असते. या शब्दाला रूढ क्रियापद वा विशेषण नाही, त्यामुळे दुसऱ्या नामाआधी तो तसाच बसवला जातो, उदा., नको असलेल्या दूरध्वनीसाठी ‘न्यूसन्स कॉल’. समानार्थी शब्दांपैकी ‘पेस्ट’मध्ये चिवटपणा अधिक आणि ‘मेनस’मध्ये धोका अधिक असतो, तर ‘बॉदर’ न्यूसन्सपेक्षाही हलका आहे. अमेरिकेत उद्गार म्हणून हा शब्द कमी ऐकू येतो व त्याऐवजी ‘हॅसल’, ‘पेन’ असे शब्द चालतात.

‘न्यूसन्स व्हॅल्यू’ हा शब्दबंध विसाव्या शतकात रुळला. ज्याच्यात काही घडवण्याची ताकद नाही पण अडवण्याची आहे, त्याला त्या अडवणुकीमुळे मिळणारे महत्त्व, असा त्याचा अर्थ असून राजकारण व वाटाघाटी ही त्याची मुख्य क्षेत्रे आहेत. फ्रेंचमध्ये मूळ शब्द बराच मागे पडला होता. पर्यावरणविषयक त्रासांसाठी त्याचा विसाव्या शतकात जो पुन्हा प्रसार झाला, त्यामागे इंग्रजीचा प्रभाव असल्याचे मानले जाते. संख्याशास्त्रात ज्या प्रचलाचे (पॅरामीटरचे) मूल्य जाणून घ्यायचे नसते, पण जो हिशेबात धरल्यावाचून गत्यंतर नसते, त्याला न्यूसन्स प्रचल म्हणतात. विद्युत अभियांत्रिकीत कोणताही खरा दोष नसताना मंडल-खंडक (सर्किट ब्रेकर) पडून वीज जाते, त्याला ‘न्यूसन्स ट्रिपिंग’ अशी संज्ञा आहे.