डिझेल गाडीची काजळी कुठे जाते?

१ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ मानक लागू झालं आणि नव्या डिझेल मोटारींच्या मागे दिसणारा काळा धूर जवळजवळ नाहीसा झाला. बीएस-४ मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. इंजिनात काजळी तयार होणं मात्र थांबलेलं नाही. डिझेल जळण्याची रीतच तशी आहे. हवा सोळाएक पट दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर असते, गाभ्यात ती वेळेत पोहोचत नाही आणि तिथलं डिझेल अर्धवट जळतं. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, तोच हा प्रकार.

पूर्वी ही काजळी रस्त्यावर जायची, आता ती गाडीतच अडवली जाते. म्हणून आजच्या डिझेल गाडीची निगा म्हणजे बरीचशी या काजळीची विल्हेवाट. आणि इथे किलोमीटरचा आकडा फसवा ठरतो. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर जाऊन २०,००० झालेली गाडी ही हायवेवर ८०,००० पळालेल्या गाडीपेक्षा आतून जास्त थकलेली असू शकते.

काजळी अडवणारा भाग म्हणजे डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर). सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी वीट असते, पण तिची एक नळी पुढून बंद आणि शेजारची मागून बंद. धुराला भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर बसते. हायवेवर सायलेन्सरची लाइन चांगली तापली की २५० ते ४०० अंशांच्या टप्प्यात नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती हळूहळू जळत राहते. शहरात तेवढी उष्णता मिळत नाही. मग काही शे किलोमीटरनंतर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्वतः शेकोटी पेटवतो: पिस्टन खाली जाताना थोडं जादा डिझेल सोडलं जातं, ते डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये (धुरावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागात) जळतं आणि डीपीएफ ६०० अंशांच्या आसपास तापून काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात आणि त्याला साधारण १० ते २० मिनिटं लागतात.

ते चालू आहे हे बऱ्याच गाड्या डॅशबोर्डवर सांगत नाहीत, पण ओळखता येतं. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग नेहमीच्या ८०० ऐवजी १,००० च्या घरात जातो, रेडिएटरचा पंखा कारण नसताना जोरात फिरतो, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही, ॲव्हरेजचा आकडा पडतो आणि उतरल्यावर तापलेल्या लोखंडाचा वास येतो. अशा वेळी इंजिन बंद करू नका, आणखी दहा मिनिटं चालवा. डीपीएफचा दिवा लागलाच तर ६० च्या वर वेग आणि २,००० च्या वर आरपीएम ठेवून सलग वीसेक मिनिटं गाडी पळवायची. त्यासाठी मुद्दाम एक गिअर खाली चालवावं लागलं तरी चालेल. तापलेल्या सायलेन्सरसह वाळलेल्या गवतावर मात्र उभी करू नये, खालून पेट घेते.

रीजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं तर पहिला फटका ऑईलला बसतो. जादा सोडलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवर चिकटून रिंगांवाटे खालच्या ऑईल चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल गाडीत ऑईलमध्ये मिसळलेलं पेट्रोल उष्णतेने बरंचसं उडून जातं. डिझेल साधारण १६० ते ३६० अंशांत उकळतं आणि ऑईल शंभराच्या आसपासच तापतं, त्यामुळे डिझेल तिथेच साचतं. ऑईल पातळ होतं आणि बेअरिंगवरची त्याची फिल्म कमजोर पडते. म्हणून डिपस्टिक बघताना जुनी सवय उलटी करावी लागते. ऑईल कमी झालं का एवढंच बघून भागत नाही, वाढलं का हेही बघायचं. दर पंधरवड्याला, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑईल आणि फिल्टर बदला. वाढलेलं ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेने आत ओढलं जाऊ शकतं आणि मग इंजिन त्या ऑईलवरच धावत सुटतं. किल्ली बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन कोंडून बंद पाडायचं. दुसरा सोपा उपाय नाही.

ऑईल बदलल्यावर आठवडाभरात काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. काजळी सुटी ठेवून वाहून नेणं हे त्याचं कामच आहे. काळेपणाने काही कळत नाही, थेंबाने कळतं. गरम ऑईलचा एक थेंब टीपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. डाग सारखा पसरत गेला तर ऑईलमध्ये दम आहे. मध्ये डांबरासारखा घट्ट ठिपका आणि भोवती फिकट कडं उमटलं, तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली.

ऑईलची जात ही किमतीपेक्षा महत्त्वाची. ऑईलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची राख होते आणि राख कोणत्याही रीजनरेशनने जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते. एसीईए या युरोपीय वर्गवारीतल्या सी-२ किंवा सी-३ ऑईलमध्ये ती जास्तीत जास्त ०.८ टक्के असते, जुन्या डिझेल इंजिनांसाठीच्या ए३/बी४ प्रकारात १.६ टक्क्यांपर्यंत. इंजिन हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर ऑईल जाळतं असं धरलं, तर लाख किलोमीटरला १० लिटर, म्हणजे साडेआठ किलो होतं. सी-२/सी-३ ऑईलची राख सुमारे ६८ ग्रॅम, ए३/बी४ ची १३६. डीपीएफचं आयुष्य इथे ठरतं. मॅन्युअलमधला ग्रेड (घट्टपणाचा आकडा) आणि एसीईएचा वर्ग हे दोन्ही जुळले पाहिजेत. डब्यावर नुसतं ‘५-डब्ल्यू-३०’ लिहिलेलं पुरेसं नाही. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष ही मुदत सर्वसाधारण आहे. गाडी फक्त शहरातच फिरत असेल तर ७,००० लाच बदलावं, त्याचा खर्च खराब ऑईलने बिघडणाऱ्या टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) मानाने किरकोळ आहे.

‘डीपीएफ चोक झाला, बदलावा लागेल’ असं ऐकल्यावर लगेच चेक फाडू नका. डीपीएफ किती भरला हे ईसीयू त्याच्या पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावरून ताडतो, आणि तो दाब सेन्सरपर्यंत दोन बारीक पाइपांतून जातो. पाइप चिरला किंवा त्यात पाणी, काजळी अडकली की खोटं रीडिंग येतं. आधी ते पाइप, सेन्सर, मग स्कॅनरवर दिसणारे काजळीचे आणि राखेचे आकडे. काजळी जास्त असेल तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून सक्तीने रीजनरेशन करता येतं. राख जास्त असेल तर डीपीएफ उतरवून धुवावाच लागतो.

काजळीची दुसरी वाट ईजीआरची, म्हणजे धूर इंजिनात परत फिरवणाऱ्या व्यवस्थेची. नायट्रोजन ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून थोडा धूर पुन्हा हवेच्या वाटेत सोडतात. त्याच वाटेत ब्रीदरमधून ऑईलची वाफ येते. दोन्ही मिळून डांबरासारखा चिकट थर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) चढतो, ईजीआरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो आणि गाडी ओढत नाही, धक्के देते, कधी लिंप मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी केलेल्या अवस्थेत) जाते. कमी आरपीएमवर वरचा गिअर टाकून गाडी रेटण्याची ‘ॲव्हरेजची’ सवय हा थर झपाट्याने वाढवते, इंजिनाचे धक्के शोषणारं ड्युअल मास फ्लायव्हीलही खिळखिळं करते. साफ करायचं तर ईजीआर आणि मॅनिफोल्ड उतरवून, नवीन गॅस्केट घालून आणि शेवटी स्कॅनरने व्हॉल्व्हची पोझिशन शिकवून. चालू इंजिनात स्प्रे मारून नव्हे.

आता डिझेलची बाजू. सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, म्हणजे कॉमन रेलमध्ये, १,६०० ते २,००० बार दाब असतो, टायरमधल्या हवेच्या साधारण आठशे पट. पंप आणि इंजेक्टरमधले भाग काही मायक्रॉनच्या फटीत सरकतात आणि त्यांना वंगण असतं ते डिझेलचंच. त्यात पाणी आलं की गंज आणि घासणं सुरू. पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी खालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. फिल्टर बदलल्यावर तो डिझेलने भरल्याशिवाय स्टार्टर मारत बसायचं नाही. टाकीत पंप असेल तर किल्ली पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा, हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. एअर पकडलेल्या अवस्थेत फिरवलेला हाय-प्रेशर पंप कोरडा घासतो आणि धातूचा चुरा रेलमधून थेट इंजेक्टरांत जातो. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर किल्लीही ऑन करू नका, ऑन करताच टाकीतला पंप ते पुढे ढकलतो.

जुन्या इंजिनावर एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपाचा नट ढिला करून मिसिंग (कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधायची मेकॅनिकांची रीत होती. कॉमन रेलवर ती जीवघेणी आहे. डिझेलची चिळकांडी कातडी फोडून आत शिरते. इथे लीक-ऑफ टेस्ट करतात. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या पाइपाला बाटली लावायची, इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं आणि कुठल्या बाटलीत जास्त साचलं ते बघायचं. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये भरावाच लागतो. तो न भरताच गाडी ताब्यात दिली, तर नवा इंजेक्टर घालूनही इंजिन थरथरत राहील. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच हवा.

ज्या गाड्यांना डीईएफ (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं द्रव) लागतं, त्यांनी टाकी संपायची वाट बघू नये; संपल्यावर इंजिन पुन्हा सुरू होत नाही. हे ३२.५ टक्के युरियाचं अतिशुद्ध द्रावण असतं. शेतातला युरिया पाण्यात कालवून घरी करण्याचा उद्योग करू नका. २०१५ पासून तो निंबोळी तेल लावूनच येतो आणि ते तेल व पाण्यातले क्षार कॅटॅलिस्टचं वाटोळं करतात. मोठा डबा घेऊन गॅलरीत ठेवणंही तोट्याचं. २५ अंशांत दीड वर्ष टिकणारं द्रावण ३५ अंशांत सहा महिनेच टिकतं, आणि विदर्भातल्या उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको.

टर्बो मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि ऑईलच्या फिल्मवर तरंगतो. सकाळी स्टार्ट करून अर्धा मिनिट रेस नको, आणि खंबाटकी चढून लगेच वडापावाला थांबलात तर बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. एअर फिल्टर हवा मारून पुन्हा वापरण्यापेक्षा बदलावा, झोताने कागदाला बारीक भोकं पडतात. कूलंटमध्ये नळाचं पाणी नको. टायमिंग बेल्ट असेल तर मुदतीला, टेन्शनर आणि वॉटर पंपासकट बदलावा. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेडचं काम निघतं. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी.

सेकंडहँड बीएस-६ डिझेल घेताना या सगळ्याचा पडताळा थोडक्यात होतो. ओडोमीटर बाजूला ठेवा. डिपस्टिक बघा, ऑईल हुंगून डिझेलचा वास येतो का पाहा, स्कॅनरवर शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी पूर्ण झालं ते विचारा. मग थंड गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात पांढरा रुमाल फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर रुमाल जवळपास स्वच्छ निघतो. काळाकुट्ट निघाला, तर तो फुटलेला आहे किंवा कुणीतरी आतली वीट काढून रिकामा डबा बसवला आहे.