विद्यापीठ परिसरातील कचरा व्यवस्थापन (ग्रामीण विदर्भ)

विद्यापीठाच्या आवारातील कचरा मुळातच कमी करणे, जिथे निघतो तिथेच वेगळा ठेवणे आणि त्याचे खत किंवा पुन्हा उपयोगी माल करणे, अशी ही व्यवस्था. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थेला मोठी कचरा उत्पादक ठरवले. दोन-चार वसतिगृहे आणि त्यांच्या मेस असल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. गावाबाहेरच्या आवारात घंटागाडीचा भरवसा नसतो, त्यामुळे ओला कचरा आवाराबाहेर पाठवण्याचा विचारच करू नये.

विदर्भातील आवारांत सर्वाधिक भरतो तो पालापाचोळा. साग, कडुनिंब, पळस यांची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झडतात आणि झाडून गोळा केलेला ढीग पेटवून देण्याची सवय अजून गेलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड ठरवला, तरीही.

या पाल्यावरचा उपाय याच मुलखातला आहे: पुसदचे नारायण देवतावजी पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नाडेप पद्धत. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधतात. भिंत ९ इंची, आणि हवा खेळावी म्हणून तिच्यात ७-७ इंचांची भोके. टाके आतून शेणकाल्याने ओले करून ६ इंच पाला (सुमारे १०० किलो), त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवलेले ४ किलो शेण, त्यावर ५०-६० किलो चाळलेली माती, असे थर देत जातात. काच, खडे, प्लास्टिक आधीच वेचलेले हवे. टाके काठाच्या दीड फूट वर झोपडीच्या आकारात भरून ३ इंच माती टाकतात आणि शेणमातीने लिंपतात. पंधरा-वीस दिवसांत माल काठाखाली ८-९ इंच दबतो. तेव्हा पुन्हा भरून लिंपायचे. तीन ते चार महिन्यांत सुमारे ३ टन खत मिळते.

आवारातली टाकी फसतात ती बहुधा रोज एक-एक टोपले टाकल्यामुळे. टाके एक-दोन दिवसांत पूर्ण भरले तरच आत उष्णता धरते. म्हणून पाला आधी साठवून एकदम भरावा. सागाची रुंद पाने एकावर एक चिकटून बसतात, पाणी खाली उतरू देत नाहीत, तेव्हा ती तुडवून किंवा कापून घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा लिंपणाला भेगा पडतात. त्या शेणाने बुजवून भोकांतून पाणी शिंपडले नाही तर टाके आतून कोरडे पडते आणि उधई लागते. गांडूळखताचे वाफे तर या दिवसांत दाट सावली आणि ओल्या बारदानाशिवाय तगत नाहीत.

मेसमधले उष्टे नाडेपमध्ये थोडेच चालते. जास्त टाकले की वास आणि डुकरे. त्यासाठी बायोगॅस बरा. मात्र उरलेला भात एकदम ओतला तर संयंत्र आंबट होते, ज्योत मंदावते. मग काही दिवस अन्न बंद ठेवून फक्त शेणकाला द्यावा लागतो. संत्र्याच्या हंगामातली सालेही त्यात घालू नयेत, सालीतल्या तेलाने जिवाणू दबतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे उष्टे रोज मोजून त्याचा आकडा मेसच्या फळ्यावर लिहिणे आणि पोळी-भात मागेल तेवढाच वाढणे.

कार्यक्रमांना पळसाच्या पत्रावळी वापरल्या तर त्या पाल्यासोबतच कुजतात. बाजारातल्या चकचकीत कागदी पत्रावळी आणि चहाचे कागदी कप मात्र कुजत नाहीत: फाडून पाहिल्यास आतला पातळ पापुद्रा ताणला जातो, तोच प्लास्टिकचा थर.

सुक्या कचऱ्याची अडचण अंतराची आहे. भंगारवाला पुठ्ठा, लोखंड, पाण्याच्या बाटल्या नेतो. कुरकुऱ्यांची पाकिटे आणि थर्माकोल नेत नाही. ती दाबून गठ्ठे बांधून साठवावी आणि सहप्रक्रियेची (कचरा भट्टीत इंधन म्हणून वापरण्याची) परवानगी असलेल्या सिमेंट भट्टीकडे गाडीभर जमल्यावर पाठवावी; चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत. साठवणीची खोली पक्क्या छताची आणि जमिनीपासून उंच हवी, कारण पावसाळ्यात भिजलेल्या रद्दीला भाव नाही. मुदत संपलेल्या उत्तरपत्रिका आवारातच कापून मगच रद्दीत द्याव्या.

वसतिगृहांच्या कूलरमधील जुन्या ताट्या हा खास इथला कचरा. जड पाण्याने त्यातल्या लाकडी गवतावर क्षारांचा थर बसतो आणि ते कुजायला फार वेळ घेते. क्षार धुऊन ते मोठ्या झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे. जाळी भंगारात जाते. जुन्या पद्धतीची (एलईडी नसलेली) ट्यूबलाइट मात्र भंगारात फोडून देऊ नये, तिच्यात पारा असतो. ती, बॅटऱ्या आणि जुने संगणक वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपवतात.