दोन्ही नावडते उमेदवार आणि विरुद्ध पक्षाला मत

अध्यक्षपदाचे दोन्ही प्रमुख उमेदवार नकोसे वाटत असताना मतदाराने आपला नेहमीचा पक्ष बाजूला ठेवून प्रतिस्पर्धी पक्षाच्या उमेदवाराला मत देणे. जनतेच्या मतांवर अध्यक्ष ठरतो आणि लढत शेवटी दोघांतच उरते, अशा देशांत हे आढळते. त्याचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला असून तिथले पत्रकार दोन्ही उमेदवार नकोसे असलेल्या मतदारांना ‘डबल हेटर्स’ (दोघांचाही तिरस्कार करणारे) म्हणतात. हे पक्षांतर नव्हे. मतदार आपल्या पक्षातच राहतो, बाकीच्या पदांसाठी बहुधा त्याच पक्षाला मत देतो आणि फक्त सर्वांत वरच्या एका नावापुरता कुंपण ओलांडतो. दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच त्याचा हिशेब असतो. त्याला चंचल किंवा पक्षद्रोही ठरवण्याची घाई पक्ष कार्यकर्ते नेहमी करतात, पण दोघांपैकी कोण कमी नुकसान करील याचा विचार निष्ठेने मत देणाऱ्यापेक्षा त्यालाच अधिक करावा लागतो.

अमेरिकी मतपत्रिकेमुळे असे वागणे सोपे होते. नोव्हेंबरमधल्या एकाच दिवशी, एकाच लांबलचक मतपत्रिकेवर अध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, राज्य विधिमंडळाचे सदस्य आणि बऱ्याच ठिकाणी शेरीफ व न्यायाधीशसुद्धा निवडायचे असतात. प्रत्येक पदासमोर वेगळी खूण करता येते. काही राज्यांत एकाच खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय आहे. टेक्सासने ती २०२० पासून बंद केली, तर मिशिगनच्या मतदारांनी २०१८ च्या सार्वमतात ती परत आणली.

१९७२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या ४३५ मतदारसंघांपैकी १९२ ठिकाणी लोकांनी अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि प्रतिनिधी म्हणून दुसऱ्या पक्षाला कौल दिला होता. २०२० मध्ये असे मतदारसंघ अवघे १६ उरले. विरुद्ध पक्षाविषयीचा तिटकारा वाढत गेला, तसा हा वर्ग आटत गेला. तो संपला मात्र नाही. २०२४ मध्ये ॲरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चारही राज्यांत डोनाल्ड ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी तिथल्या सिनेटच्या जागा डेमोक्रॅटिक उमेदवारांनी घेतल्या.

विसाव्या शतकातील ठळक उदाहरण १९६४ चे. डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या वर्षी जुलैमध्ये नागरी हक्क कायद्यावर सही केली होती. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्या कायद्याविरुद्ध मत दिले होते आणि अण्वस्त्रांबद्दलची त्यांची भाषा त्यांच्याच पक्षातल्या अनेकांना धास्तावणारी होती. मिशिगनचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी त्यांना पाठिंबा दिला नाही. रिपब्लिकन पक्ष स्थापन झाल्यापासून कधीही डेमोक्रॅटिक उमेदवाराला न निवडणारे व्हरमाँट राज्य जॉन्सन यांच्याकडे गेले. उलट दिशेनेही तितकीच मोठी उडी पडली. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक असलेल्या मिसिसिपीने गोल्डवॉटर यांना सुमारे ८७ टक्के मते दिली. विरुद्ध पक्षाला मत म्हणजे आपोआप सद्सद्विवेकाचे मत, असा समज करून घेणाऱ्याने मिसिसिपीचा हा आकडा ध्यानात ठेवावा. त्यामागे कृष्णवर्णीयांना समान हक्क मिळू नयेत ही इच्छा होती.

मिशिगनमधील डेट्रॉइट शहराच्या उत्तरेकडील मॅकम काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा भाग) हे वर्तन साठ वर्षे सलग पाहता येते. मोटार कारखान्यांतले कामगार, पोलिश आणि इटालियन वंशाची कॅथलिक कुटुंबे, कामगार संघटनांचा जोर अशी ही वस्ती. १९६० मध्ये तिने डेमोक्रॅटिक जॉन केनेडींना सुमारे ६३ टक्के मते दिली. १९८० मध्ये महागाई आणि बेकारीने कावलेल्या या लोकांना जिमी कार्टर नको होते, पण श्रीमंतांचा पक्ष म्हणून रिपब्लिकनांवरही त्यांचा विश्वास नव्हता. तरीही ते रोनाल्ड रेगन यांच्याकडे वळले आणि १९८४ मध्ये त्यांना सुमारे ६६ टक्के मते मिळाली. १९८५ मध्ये जनमत अभ्यासक स्टॅन्ली ग्रीनबर्ग यांनी इथल्या मतदारांशी गटागटाने बोलून जो अभ्यास केला, त्यामुळे ‘रेगन डेमोक्रॅट’ हा शब्द राजकारणात रुळला. आपला पक्ष आता आपला राहिलेला नाही, ही तक्रार त्यात वारंवार आली. गोऱ्या कामगारांचा वंशद्वेषही त्यात उघड दिसला. पुढे याच काउंटीने २००८ आणि २०१२ मध्ये बराक ओबामांना निवडले, आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. संपूर्ण मिशिगनमधील ट्रम्प यांची आघाडी होती १०,७०४.

२०१६ ची निवडणूक या विषयाचा गाभा आहे. हिलरी क्लिंटन आणि ट्रम्प या दोघांबद्दलही नापसंती सांगणारे मतदार मतदानोत्तर पाहणीत सुमारे १८ टक्के भरले. त्यांच्यापैकी सुमारे ४७ टक्क्यांनी ट्रम्प यांना आणि ३० टक्क्यांनी क्लिंटन यांना मत दिले. उरलेले तिसऱ्या उमेदवारांकडे गेले किंवा त्यांनी ती जागा कोरी सोडली. देशभरात क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते जास्त मिळाली, पण तिथे अध्यक्षपदाचा निकाल राज्यवार ठरतो, आणि मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी हातची गेली आणि त्यासोबत अध्यक्षपदही. ओबामांना दोनदा निवडून नंतर ट्रम्प यांच्याकडे गेलेल्या २०६ काउंटी आहेत. दुसऱ्या बाजूला, रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असलेली कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी १९३६ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेली.

२०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या मोठ्या नेत्यांनीही याच पेचात वेगवेगळे मार्ग धरले. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल हे रिपब्लिकन असूनही त्यांनी क्लिंटन यांना मत दिले. माजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अध्यक्षपदाचा रकाना रिकामा ठेवला. ओहायोचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन केसिक यांनी जॉन मकेन यांचे नाव हाताने लिहिले, तर मिट रॉम्नी यांनी आपल्या पत्नीचे नाव लिहिले. २०२४ मध्ये माजी रिपब्लिकन उपाध्यक्ष डिक चेनी यांनी कमला हॅरिस यांना मत देणार असल्याचे जाहीर केले. धोरणांवर त्यांचे आणि हॅरिस यांचे फारसे काही जुळत नव्हते, म्हणूनच ते उदाहरण बोलके आहे.

या मार्गांमधला फरक निव्वळ अंकगणिताचा आहे आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. नेहमीचा मतदार घरी बसला, तर त्याच्या पक्षाचे एक मत घटते. तो विरुद्ध पक्षाकडे गेला, तर आपल्याकडचे एक घटते आणि समोरचे एक वाढते, म्हणजे अंतर दोनाने बदलते. मिशिगनमध्ये २०१६ साली ट्रम्प यांच्या ५,३५३ मतदारांनी क्लिंटन यांच्याकडे उडी घेतली असती, तर निकाल फिरला असता. तेच लोक मतदानालाच आले नसते तर तेवढ्याने काहीच बदलले नसते. म्हणून चुरशीच्या राज्यात कोरी मतपत्रिका आणि विरुद्ध पक्षाला मत यांना एकाच मापाने मोजता येत नाही. रॉम्नी यांच्या युटामध्ये किंवा कॅलिफोर्नियात, जिथे निकाल आधीच ठरल्यासारखा असतो, तिथे निषेधाचे मत देणे परवडते. युटात २०१६ साली अपक्ष इव्हन मकमलिन यांना सुमारे २१ टक्के मते पडली ती यामुळेही.

या विषमतेवर मतदारांनी स्वतःच उपाय शोधले. २००० मध्ये चुरशीच्या राज्यातल्या, ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांच्या समर्थकाने डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना मत द्यायचे आणि त्याबदल्यात सुरक्षित राज्यातल्या गोर समर्थकाने नेडर यांना, असा मतांचा विनिमय इंटरनेटवर सुरू झाला. फ्लोरिडात नेडर यांना ९७ हजारांवर मते पडली आणि गोर तिथे ५३७ मतांनी हरले. कॅलिफोर्नियाने असा विनिमय दंडनीय ठरवण्याचा प्रयत्न केला. २००७ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने त्याला घटनात्मक संरक्षण दिले. नाराज डेमोक्रॅट आणि नाराज रिपब्लिकन अशा दोन मित्रांनी परस्परांना शब्द देऊन दोघांनीही तिसऱ्याला मत द्यायचे, अशी जोडमतांची कल्पनाही मांडली गेली आहे. त्यात कोणाच्याच विरोधकाला फायदा होत नाही. तिचा सारा भार विश्वासावर आहे, कारण मतदान गुप्त असते.

नेवाडात १९७६ पासून मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय छापला जातो. २०१६ मध्ये तिथे २८,८६३ जणांनी तो निवडला. क्लिंटन यांची त्या राज्यातली आघाडी त्याहून कमी होती. या पर्यायाला सर्वाधिक मते पडली तरी विजयी ठरतो तो नावानिशी उभा असलेल्यांपैकी पहिला. भारतातील ‘नोटा’चेही लोकसभा व विधानसभेला तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर तो मतदान यंत्रावर आला, आणि २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात २७,५०० मतांसह तो चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिला. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी २०१८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले: ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यावी, असा आदेश काढला.

फ्रान्समध्ये दोन फेऱ्यांच्या पद्धतीमुळे हा पेच नियमितपणे उभा राहतो. २००२ च्या पहिल्या फेरीत डाव्यांचे लिओनेल जोस्पँ तिसरे आले आणि अंतिम लढत उरली ती भ्रष्टाचाराच्या आरोपांनी घेरलेले उजवे अध्यक्ष जाक शिराक आणि कडवे राष्ट्रवादी जाँ-मारी ल पेन यांच्यात. आयुष्यभर शिराक यांना विरोध करणाऱ्या डाव्यांनी त्यांनाच मत दिले. ‘फॅसिस्टापेक्षा लबाड बरा’ अशा अर्थाच्या घोषणा मोर्च्यांत झळकल्या. अमेरिकेतल्या लुइझियानात १९९१ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झगडणाऱ्या कु क्लक्स क्लॅन संघटनेचे माजी नेते डेव्हिड ड्यूक समोर असताना, भ्रष्टाचारासाठी बदनाम असलेल्या एडविन एडवर्ड्स यांच्यासाठी गाड्यांवर हाच आशय मिरवला गेला होता. एडवर्ड्स सुमारे ६१ टक्क्यांनी जिंकले. शिराक यांना ८२ टक्के मते पडली.

त्या ८२ टक्क्यांचे पुढे जे झाले तो या पद्धतीचा सर्वांत दुखरा भाग आहे. पहिल्या फेरीत शिराक यांची स्वतःची मते होती २० टक्क्यांच्या आत. तरी त्यांनी सरकार बनवले ते उजव्यांचेच. ज्या डाव्यांनी नाक मुठीत धरून मत दिले, त्यांचा धोरणात हिस्सा राहिला नाही. मतपेटीत कारण लिहिता येत नाही. तिरस्काराने दिलेले मत आणि प्रेमाने दिलेले मत मोजणीत सारखेच भरते आणि विजेता दोन्ही आपल्या लोकप्रियतेच्या खात्यात जमा करतो. हा अन्याय आहे, आणि त्याची परतफेड नंतरच्या निवडणुकांत होते: २०१७ मध्ये इमॅन्युएल माक्राँ आणि जाँ-मारी यांची कन्या मारीन ल पेन समोरासमोर आले, तेव्हा ४० लाखांहून अधिक मतपत्रिका कोऱ्या किंवा बाद निघाल्या आणि ल पेन यांची मते जवळपास ३४ टक्क्यांवर गेली.

पेरूमध्ये २०२१ साली अंतिम फेरीत पोहोचलेल्या डाव्या पक्षाचे पेद्रो कास्तियो आणि माजी अध्यक्षांची कन्या, उजव्या केइको फुजिमोरी या दोघांची पहिल्या फेरीतली मते मिळूनही एकतृतीयांश होत नव्हती. म्हणजे बहुसंख्य मतदारांनी या दोघांखेरीज कोणालातरी पसंती दिली होती. फुजिमोरी घराण्याचे तीस वर्षांचे कडवे विरोधक असलेले लेखक मारिओ व्हार्गास योसा यांनी या वेळी केइको यांना पाठिंबा दिला. कास्तियो सुमारे ४४ हजार मतांनी निवडून आले आणि पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संसदेने त्यांना पदावरून दूर केले.

मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहू देणे हा या पेचावरचा एक उपाय मानला जातो. तिसऱ्या उमेदवाराला पहिली पसंती आणि दोघांतल्या कमी नकोशा उमेदवाराला दुसरी, असे लिहिता आले की मत वाया जाण्याची भीती उरत नाही आणि विजेत्याची स्वतःची मते किती व आलेली किती, हेही मोजणीत उघड दिसते. मेन राज्याने ही पद्धत अध्यक्षीय निवडणुकीत २०२० मध्ये प्रथम वापरली. अलास्काने त्याच वर्षी सार्वमताने ती स्वीकारून २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी लागू केली.