चाईतला किडा

दुसरी-तिसरीतल्या पोराच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसला, की सांगली-मिरजेकडं घरातच निदान होतं: चाई लागली, किडा केस खातोय. मग लसूण चोळा, कांद्याचा रस लावा. हळद तर सांगलीत पोत्यानं. जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यात गावंच्या गावं टकली होऊ लागल्यापासून लोक पाण्यावर आणि रेशनच्या गव्हावरही संशय घेतात. तिथं थोड्या दिवसांत अनेकांचे केस एकदम गेले, ती भानगड निराळी. एकट्याच पोराला असा चट्टा पडला, तर बहुतेकदा दोन शक्यता असतात.

एक, डोक्यातला नायटा. खवले, खाज, मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके. ही बुरशी, एकापासून दुसऱ्याला होते. ती केसाच्या आत शिरते, म्हणून नुसतं मलम चालत नाही; काही आठवडे पोटातून औषध द्यावं लागतं. दुसरी खरी चाई. इथं कातडी गुळगुळीत, खवल्यांचा पत्ता नाही. कडेचे आखूड केस भिंगाखाली धरले तर टोकाला जाड आणि मुळाशी बारीक दिसतात. काही पोरांच्या नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डेही असतात. चाई कुणाकडून कुणाला लागत नाही, त्यामुळं पोराला वर्गात वेगळं बसवायचं काहीच कारण नाही.

किडा नाही, तर केस कोण पाडतं? आपल्याच पांढऱ्या पेशी. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते, दारावर ओळखपत्र लावावं तशी. टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या पहारेकरी, ती तपासत फिरतात. वाढत्या केसाचं मूळ मात्र हे ओळखपत्र जवळजवळ लावतच नाही, वर आजूबाजूच्या पेशींना शांत ठेवणारी रसायनं सोडतं. त्यामुळं त्याच्या वाटेला कुणी जात नाही. काही मुलांत, जनुकांचा कल असला तर, ही सवलत मोडते. इंटरफेरॉन-गॅमा हा पेशींमधला रासायनिक निरोप वाढतो, मूळ ओळखपत्रं दाखवू लागतं आणि सीडी८ जातीच्या टी-पेशी त्याच्यावर तुटून पडतात. हल्ल्यात सापडलेलं मूळ इंटरल्युकिन-१५ हा दुसरा निरोप सोडतं, त्यानं त्याच पेशी आणखी चेकाळतात. दोन्ही निरोप पेशीच्या आत जेएके नावाच्या विकरांमार्फत पोचतात, म्हणजे चक्र चालूच. रोख रंगीत केसांवर जास्त असतो, म्हणून परत येणारे केस बरेचदा आधी पांढरे येतात.

मुळाच्या थोडं वर बसलेल्या मूळपेशी, ज्यांच्यातून नवा केस उगवतो, त्या मात्र सहसा शाबूत राहतात. म्हणूनच एक-दोन लहान चट्टे असले, तर अनेक पोरांचे केस वर्षभरात आपोआप येतात आणि श्रेय लसणीला मिळतं. कच्च्या लसणीनं कोवळी कातडी भाजते, ते कुणी सांगत नाही. ‘पंधरा दिवसांत केस परत’वाल्यांचं दुकानही याच आपोआपवर चालतं.

जेएके अडवणारी औषधं आता आहेत. अमेरिकेत बॅरिसिटिनिबला २०२२मध्ये प्रौढांसाठी, रिटलेसिटिनिबला २०२३मध्ये १२ वर्षांपुढच्यांसाठी मान्यता मिळाली, तीही तीव्र चाईपुरतीच. दुसरीतल्या पोराला त्वचारोगतज्ज्ञ बहुधा स्टेरॉइडचं मलम किंवा लोशनच देतात आणि काही महिने थांबायला सांगतात.