नेव्हाडातील सार्वजनिक जमिनीवरील शिकार : पूर्वतयारी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील ग्रेट बेसिन या उंच, रुक्ष प्रदेशात रीतसर परवाना काढून मोठ्या जनावरांची शिकार करण्याची प्रथा रुळलेली आहे. नेव्हाडा हे तिचे ठळक उदाहरण. महाराष्ट्रापेक्षा किंचित लहान असलेल्या या राज्यातील सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे; त्यातली सुमारे ४ कोटी ८० लाख एकर ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ (स्थापना १९४६) सांभाळते आणि तिचा बहुतेक भाग सर्वांना खुला आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे शिकार म्हटले की आपल्याला संस्थानिक आठवतात, नाहीतर चोरटे शिकारी; नेव्हाडात हा सामान्य नोकरदाराचाही छंद आहे.

जमीन केंद्राची असली तरी वन्यप्राणी राज्याच्या अखत्यारीत येतात. म्यूल डिअर हे हरीण, प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी, एल्क हे मोठे हरीण आणि बिगहॉर्न हा रानमेंढा यांच्यासाठी ‘टॅग’, म्हणजे एका जनावराचा परवाना, लागतो आणि तो सोडतीत मिळतो. अर्ज करताना जनावर, विभाग, हत्यार आणि हंगाम निवडायचा असतो. दरवर्षी हुकणाऱ्याच्या खात्यावर एक बोनस गुण जमतो. सोडतीत गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. पाच गुणवाल्याला २६ संधी, नवख्याला एकच. टॅग लागला की त्या जनावराचे गुण शून्यावर येतात. म्हणून जिथे हमखास टॅग मिळेल असा साधा विभाग मागावा, की नामांकित विभागासाठी वर्षानुवर्षे थांबावे, हा पहिला निर्णय. पुढचे बरेचसे त्यावरच ठरते.

नकाशा नीट वाचता येणे महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतचे एकाआड एक चौरस मैल बहाल केले गेले. हंबोल्ट नदीच्या बाजूने त्याचा बुद्धिबळाचा पट अजून दिसतो : एक घर सरकारी, शेजारचे खासगी. दोन सरकारी घरे फक्त कोपऱ्यात टेकत असतील, तर तो कोपरा ओलांडणे अतिक्रमण ठरते का, हा जुना वाद आहे. वायोमिंगमधील खटल्यात २०२५ मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालय) शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र नेव्हाडा त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.

जनावर शोधायचे तर आधी पाणी शोधावे लागते. ऑगस्टमध्ये, धनुष्यबाणाच्या हंगामात, सेजब्रश या झुडपांनी भरलेल्या खोऱ्यांत प्राँगहॉर्न झऱ्यांवर आणि ‘गझलर’ म्हणजे पावसाचे पाणी साठवणाऱ्या बांधीव टाक्यांवर येतात. पाणवठ्यापासून १०० यार्डांच्या आत तळ ठोकून जनावरांची वाट अडवणे बेकायदा आहे, आणि १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर सार्वजनिक जमिनीवर ट्रेल कॅमेरेही (जनावर हलले की आपोआप फोटो काढणारे) चालत नाहीत. मग उरते ते पहाटेच उंचवट्यावर बसून दुर्बिणीने डोंगरउतार पिंजून काढणे. उन्हाळ्यात मोठे नर हरीण बरेचदा वर, अॅस्पेन आणि माउंटन महॉगनी या झाडांच्या पट्ट्यात असतात. अलीकडे वणव्यांनीही हिशेब बदलले आहेत : २०१८ च्या मार्टिन वणव्यात चार लाख एकरांहून अधिक रान जळाले. सेजब्रश जळून तिथे चीटग्रास हे गवत माजले, की हरणांचा हिवाळी चारा जातो. जुन्या माहितीवर विसंबून विभाग निवडणारा इथे फसतो.

शिबिराची यादी त्या मानाने साधी : माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी, एकाऐवजी दोन स्टेपन्या, मोबाइलला रेंज नसल्याने उपग्रह संदेशयंत्र.

खरी परीक्षा गोळी लागल्यानंतर. नर एल्क ३०० किलोंच्या पुढे भरतो आणि गाडी तीन-चार किलोमीटर दूर असते. उन्हात कातडीखाली उष्णता कोंडून हाडाजवळचे मांस आधी बिघडते. म्हणून पोट न फाडता तिथेच कातडे सोलतात, चारही फऱ्या सुट्या करतात, पाठीचे मांस काढतात आणि सारे हवेशीर कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगतात. मग पाठीवरून खेपा. खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा असल्याने जाणते शिकारी हिशेब उलट करतात : किती खेपा झेपतील आणि बर्फाची पेटी किती दूर आहे, त्यावरून किती लांबच्या जनावरावर नेम धरायचा ते ठरते.