कम्युनिटी कॉलेजचा रस्ता बर्कलीला जातो का?

अमेरिकेतील मराठी घरांत एक समज वर्षानुवर्षे फिरत आहे: बारावीनंतर मूल कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) गेले की नामांकित विद्यापीठाचे दार त्याला कायमचे बंद झाले. निदान कॅलिफोर्नियापुरता तरी हा समज चुकीचा आहे. तेथील उच्चशिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅननेच दोन वर्षांनंतर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची वाट आखून दिली आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) या सरकारी विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये, म्हणजे यूसीएलएमध्ये, २०२३ साली पहिल्या वर्षासाठीच्या अर्जदारांपैकी जेमतेम ९ टक्क्यांना प्रवेश मिळाला, तर ट्रान्स्फरच्या, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधल्या वर्षात येऊ पाहणाऱ्या, अर्जदारांपैकी सुमारे एक चतुर्थांशांना. अर्थात, दोन्हीकडचे अर्जदार वेगळे असल्याने याला 'सोपा मागचा दरवाजा' म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल.

खरी मेख विषयांच्या निवडीत असते. ६० सेमिस्टर क्रेडिट भरली म्हणजे काम झाले, असे अनेकजण धरून चालतात. पण इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्याने कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्राऐवजी बीजगणितावर आधारित सोपा कोर्स घेतला, तर क्रेडिट जमा होते आणि पूर्वअट मात्र अपुरीच राहते. कोणता कोर्स कोठे ग्राह्य धरला जातो हे 'असिस्ट' या सरकारमान्य संकेतस्थळावर पहिल्याच सत्रात पाहावे. यूसीच्या सहा कॅम्पसमध्ये अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत.

खासगी विद्यापीठांचे गणित निराळे आहे. प्रिन्स्टनने १९९० पासून २०१८ पर्यंत ट्रान्स्फरचे प्रवेश बंदच ठेवले होते. उलट, बराक ओबामा १९८१ मध्ये ऑक्सिडेंटल या छोट्या कॉलेजातून कोलंबियात गेले, आणि त्यांची पदवी कोलंबियाचीच आहे.