अ‍ॅग्रीतुरिझ्मोतलं जेवण: ‘घरचं किती’ हा जुना वाद

टस्कनी किंवा उंब्रियाला निघालात की कोणी ना कोणी सांगतंच, शहरात जेवू नका, गावाकडे शेतावर जेवा, म्हणजे अ‍ॅग्रीतुरिझ्मोत, जिथे शेतकरी स्वतःच्या शेतावर पाहुण्यांना ठेवतो नि जेवू घालतो. सल्ला चांगला आहे. पण ताटात येतं ते खरंच त्या शेतातलं असतं का, आणि किती असायला हवं, यावरून इटलीत चाळीस वर्षं वाद चालू आहे. तो माहीत असला की कुठे थांबायचं हे ठरवणं बरंच सोपं जातं.

अगदी मागे जायचं तर इटलीच्या ईशान्य टोकाला, ट्रिएस्ट शहराच्या वरच्या कार्सो पठारावर जावं लागेल. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता आणि १७८४ मध्ये व्हिएन्नाच्या बादशहाने शेतकऱ्यांना घरची वाइन नि घरचं खाणं दारातच विकायची मोकळीक दिली. शेतकऱ्याच्या दारातल्या या खानावळींना ओस्मित्सा म्हणतात, त्या आजही चालतात. वर्षभर नाही, आळीपाळीने. रस्त्याच्या कडेला खांबावर हिरवी फांदी आणि लाल बाण दिसला की समजायचं आज चालू आहे, मग एकामागून एक बाण बघत कोणाच्या तरी अंगणात पोचायचं. हॅम, सलामी, चीज, उकडलेली अंडी, ब्रेड आणि तेर्रानो ही तिथली गडद लाल वाइन. जवळपास सगळं थंडच. पास्ता मागायच्या भानगडीत पडू नका.

बाकीच्या इटलीची गोष्ट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची. मध्य इटलीत शेती अर्धेलीची, म्हणजे जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाच्या अख्ख्या कुटुंबाने आणि पीक निम्मं-निम्मं. पन्नास-साठच्या दशकात तरुण मंडळी कारखान्यांकडे गेली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करारच बंद केले, आणि टेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली. आज आपण सायप्रसच्या झाडांच्या रांगेसकट ज्यांचे फोटो काढतो तीच ही घरं. आणि जे ‘पारंपरिक’ म्हणून मेनूत असतं त्यातलं बरंच या घरांतल्या आणि रानातल्या गरिबीचं खाणं आहे. टस्कनीतल्या मारेम्मा भागातलं अ‍ॅक्वाकोत्ता बघा, तळाशी शिळ्या ब्रेडचा तुकडा, त्यावर कांदा, सेलरी, टोमॅटोचं पातळ सूप, वरून एक अंडं सोडलेलं आणि पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, किसून. गुराखी आणि लाकूडतोडे हे खायचे, दुसरं काही जवळ नसायचं म्हणून. हल्ली त्याचे चांगले पैसे पडतात.

अशा शेतावरच्या पाहुणचारासाठी उत्तरेकडच्या त्रेंतो प्रांताने १९७३ मध्येच स्वतःपुरता कायदा केला होता, देशभराचा कायदा यायला १९८५ उजाडलं. हेतू साधा होता, शेतकऱ्याला पाहुण्यांमधून दोन पैसे मिळावेत आणि त्याने जमीन सोडून जाऊ नये. पुढच्याच वर्षी वायव्येकडच्या पिडमाँटमध्ये भेसळ केलेल्या, मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या वाइनने वीसहून जास्त माणसं मेली आणि रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सजवळ अमेरिकन बर्गरचं दुकान उघडलं म्हणून लोकांनी निदर्शनं केली. ‘हे कुठून आलं, कोणी बनवलं’ हे विचारायची सवय तेव्हापासून वाढली, आणि शेतावरच्या जेवणाला त्याचा फायदा झाला.

भांडण आहे ते कायद्यातल्या एका अटीवरून. पाहुणचार हा शेतीला जोडलेला हवा, शेतीपेक्षा मोठा होता कामा नये. वाचायला सोपं वाटतं, पण मोजायचं कसं? उत्पन्नाने मोजलं तर डोंगरातला शेतकरी लगेच नापास, कारण चार गाई आणि थोड्या द्राक्षांपेक्षा दोन खोल्या भाड्याने दिल्या की जास्त पैसे येतात. म्हणून कामाचे दिवस-तास मोजायची पद्धत आली. त्यात १९९१ मध्ये करातही सवलत मिळाली, मिळकतीच्या फक्त २५ टक्के रकमेवर कर. मग गावातले खानावळवाले भडकले. त्यांचं म्हणणं, आम्ही पूर्ण कर भरायचा आणि हा शेजारी नावाला चार कोंबड्या पाळून लग्नाची पंगत उठवणार. असे प्रकार होतात, नाही असं नाही. पण मला विचाराल तर ओरड जरा जास्तच झाली, कारण पहाटे दूध काढून दुपारी वाढायला उभं राहणाऱ्या माणसाची आणि हॉटेलची बरोबरी कशी करणार?

२००६ च्या नव्या कायद्याने यावर तोडगा काढायचा प्रयत्न केला. जेवण मुख्यतः स्वतःच्या शेतातलं आणि त्या भागातल्या शेतांमधलं हवं. स्वतःचा गहू बाहेरच्या गिरणीत दळला किंवा स्वतःचं डुक्कर बाहेर कापून सलामी करून घेतली तरी ते घरचंच. आणि दहापेक्षा जास्त पाहुणे नसतील तर शेतीच मुख्य आहे असं धरून चालायचं, तासांचा हिशोब नको. टक्के किती, टेबलं किती, हे ठरवणं मात्र त्या त्या प्रदेशाकडे. शिवाय टस्कनी आणि लाझिओ हे प्रदेश कोर्टात गेले, शेती आणि पर्यटन हा आमचा विषय म्हणून, आणि २००७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायद्यातली काही कलमं उडवली. त्यामुळे एका प्रदेशात जे नियमात बसतं ते डोंगर ओलांडला की बसत नाही. २०२१ मध्ये आणखी एक बदल झाला, अ‍ॅग्रीतुरिझ्मोत काम करणारे लोक या हिशोबातही शेतकामगारच धरायचे असं ठरलं, म्हणजे तासांच्या मोजणीतली बरीच हवा गेली. खानावळवाल्यांना ते अजिबात आवडलेलं नाही.

फिरणाऱ्याला यातून घ्यायचं ते एवढंच की पाटीवर विसंबू नका. २०१३ पासून सूर्यफुलांची वर्गवारी आहे, एक ते पाच, पण ती राहण्याच्या सोयींची. पाच फुलं असलेल्या ठिकाणी जेवणच मिळत नाही असंही होऊ शकतं, कारण पंचवीस हजारांच्या वर अ‍ॅग्रीतुरिझ्मो असले तरी साधारण निम्मेच जेवण देतात. काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवार. मेनू लांबलचक असेल, समुद्रापासून शंभर किलोमीटरवर कोळंबी असेल, तर समजून जा. हातात मेनू न देता ‘आज हे आहे’ म्हणून सांगत असतील तर बसा. आदल्या दिवशी फोन करा, किती माणसं ते सांगा, आणि शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगा, कारण स्वयंपाक माणसं मोजून होतो आणि भाजीच्या सूपमध्येही कधी कधी डुकराची चरबी असते.